कोमेनियस : चित्राकडून अक्षराकडे

मुलाला लिहावयास शिकविणे म्हणजे त्याचा हात अक्षरावर वळविणे, ही समजूत फार जुनी आहे आणि ती कोणा एका देशाची नाही. आपल्याकडे पंतोजींच्या शाळेत मुलगा धुळाक्षरे गिरवीत असे. सतराव्या शतकातील युरोपच्या लॅटिन शाळेत त्याच वयाचा मुलगा व्याकरणाचे नियम घोकीत असे. दोन्हीकडे हात आणि जीभ आधी राबत. ज्या वस्तूचे ते नाव, ती वस्तू मागाहून भेटे, पुष्कळदा भेटतही नसे. हा क्रम उलटा आहे, आधी वस्तू, वस्तू समोर नसेल तर तिचे चित्र, मग नाव, मग अक्षर आणि शेवटी वाक्य असा तो असला पाहिजे, हे सूत्र मांडून त्यावर एक संपूर्ण पाठ्यपुस्तक उभे करणारा पहिला मोठा शिक्षणचिंतक म्हणजे यान आमोस कोमेन्स्की. विद्वज्जगत त्याला कोमेनियस या लॅटिन नावाने ओळखते. त्याचे १६५८ साली निघालेले ‘ऑर्बिस सेन्सुआलियम पिक्टस’, म्हणजे इंद्रियगोचर वस्तूंचे सचित्र जग, हे पुस्तक बालवाङ्मयाच्या आणि शिक्षणशास्त्राच्या इतिहासात नेहमी उल्लेखिले जाते. परंतु ते कोणत्या आयुष्यातून निपजले, याचा विचार क्वचितच होतो. हा विचार केल्यावाचून त्या पुस्तकाचे मर्म कळत नाही. ज्याच्याजवळचे शब्द आणि वस्तू पुनःपुन्हा हिरावल्या गेल्या, अशा माणसाने ते लिहिले आहे.

कोमेनियसचा जन्म २८ मार्च १५९२ रोजी मोरावियाच्या पूर्व भागात झाला. निव्हनित्से, ऊहेर्स्की ब्रोद आणि कोम्न्या ही तीन गावे जन्मस्थानाचा मान सांगतात. घराणे बोहेमियन बंधुसंघाचे होते. यान हुसच्या धर्मसुधारणेची परंपरा सांगणारा हा लहानसा पंथ. त्याचा भर साध्या आचरणावर, देशभाषेतील धर्मग्रंथावर आणि मुलांच्या शिक्षणावर होता. कोमेनियस बारा वर्षांचा होण्याच्या सुमारास आईवडील वारले. पोरक्या मुलाच्या शिक्षणाची आबाळ झाली आणि लॅटिन शाळेत, प्शेरोव येथे, तो दाखल झाला तो १६०८ साली, म्हणजे वयाच्या सोळाव्या वर्षी. बरोबरीची मुले ज्या वयात लॅटिन संपवीत, त्या वयात त्याने आरंभ केला. हा उशीर त्याच्या पुढील कार्याचा पाया ठरला. लहानपणी जे निमूटपणे सोसले जाते आणि विसरले जाते, ते त्याने जाणत्या वयात पाहिले. अर्थ न कळता नियम पाठ करणे, चुकल्यास छडी, आणि वर्षानुवर्षांच्या खटाटोपानंतरही स्वतःचे एक वाक्य लिहिता न येणे, हे सर्व त्याच्या नजरेने टिपले.

बंधुसंघाने या हुशार तरुणाला पुढील अध्ययनासाठी जर्मनीत पाठविले. १६११ मध्ये तो हेर्बोर्नला गेला. तेथे योहान हाइन्रिख आल्स्टेड हा कोशकार त्याचा गुरू होता. सर्व ज्ञानाची एका सूत्रात मांडणी करण्याचा ध्यास कोमेनियसला आल्स्टेडपासून लागला. याच काळात व्होल्फगांग राटके याची अध्यापनसुधारणेची योजना त्याच्या वाचनात आली. एकेका गोष्टीपासून सुरुवात करावी, मातृभाषेतून शिकवावे, निसर्गाच्या क्रमाने जावे, ही तिच्यातील तत्त्वे त्याने आपलीशी केली. हेर्बोर्न येथेच त्याने चेक भाषेच्या एका बृहत्कोशासाठी शब्द आणि वाक्प्रचार जमविण्यास प्रारंभ केला. हे काम पुढे जवळजवळ चार तपे चालले. त्याचा शेवट कसा झाला ते पुढे येईल. नंतर हायडेलबर्ग येथे काही काळ काढून तो १६१४ मध्ये मायदेशी परतला. हायडेलबर्गमध्ये त्याने कोपर्निकसच्या ग्रंथाचे मूळ हस्तलिखित विकत घेतले होते, आणि परतीचा बराच प्रवास त्याने पायी केला, असे चरित्रकार नोंदवितात. सूर्यकेंद्री विश्वाचा सिद्धान्त त्याने कधी स्वीकारला नाही. तरी ते हस्तलिखित त्याने विद्यार्थिदशेच्या तुटपुंज्या पैशांतून मिळविले.

प्शेरोवच्या ज्या शाळेत तो उशिरा शिकला, तिथेच आता तो शिक्षक झाला. १६१६ मध्ये त्याला धर्मगुरूची दीक्षा मिळाली. १६१८ मध्ये फुल्नेक येथील मंडळीचा धर्मोपदेशक आणि तेथील शाळेचा प्रमुख म्हणून त्याची नेमणूक झाली. त्याच वर्षी विवाह झाला. आणि त्याच वर्षी प्रागमध्ये तीस वर्षांच्या युद्धाची ठिणगी पडली.

८ नोव्हेंबर १६२० रोजी व्हाइट माउंटनच्या लढाईत बोहेमियाच्या प्रॉटेस्टंट सरदारांचा पराभव झाला. पुढील वर्षी बंडाच्या सत्तावीस पुढाऱ्यांना प्रागच्या चौकात मृत्युदंड देण्यात आला आणि फुल्नेक शहर सैनिकांनी लुटून जाळले. कोमेनियसला घर सोडून लपावे लागले. १६२२ मध्ये त्याची पत्नी आणि दोन्ही लहान मुले साथीच्या रोगाने दगावली. १६२३ मध्ये त्याचा फुल्नेक येथे मागे राहिलेला ग्रंथसंग्रह जाळण्यात आला. तिशीच्या आतबाहेर असलेल्या या माणसाजवळ ना घर उरले, ना कुटुंब, ना पुस्तके.

अज्ञातवासातच त्याने १६२३ मध्ये चेक गद्यातील एक श्रेष्ठ कृती लिहिली. ‘जगाचा चक्रव्यूह आणि हृदयाचा स्वर्ग’ हे तिचे नाव. एक यात्रेकरू जगरूपी नगर पाहावयास निघतो. वाटाडे त्याच्या डोळ्यांवर एक चष्मा चढवितात. त्याच्या काचा गृहीतकांच्या आणि चौकट सवयीची असते. या चष्म्यातून लहान ते मोठे दिसते, कुरूप ते सुंदर दिसते. यात्रेकरूचे भाग्य एवढेच की चष्मा नाकावर वाकडा बसलेला असतो आणि त्याच्या खालच्या फटीतून त्याला वस्तू जशा आहेत तशा पाहता येतात. ही रूपककथा सहसा धार्मिक बोधाच्या अंगाने वाचली जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु दुसऱ्याने दिलेल्या शब्दांच्या काचेतून न पाहता स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे, हा कोमेनियसच्या शिक्षणविचाराचा गाभा या फटीत आहे. याच वर्षांत त्याने मोरावियाचा नकाशाही तयार केला आणि तो १६२७ मध्ये ॲम्स्टरडॅमला छापून निघाला. जो प्रदेश आता सोडावा लागणार होता, त्याचेच हे चित्र होते.

१६२७ मध्ये कॅथलिक धर्माखेरीज अन्य पंथांना बोहेमियात मज्जाव करणारा कायदा झाला. १६२८ च्या हिवाळ्यात कोमेनियस आपल्या दुसऱ्या पत्नीसह पोलंडमधील लेश्नो या गावी आला. पुढील आयुष्यात तो मायदेशी पुन्हा राहावयास गेला नाही. लेश्नो येथे बंधुसंघाची शाळा होती. तेथे शिकवीत असताना त्याने आपले शिक्षणशास्त्र चेक भाषेत लिहून काढले. मायदेशी परतण्याची घडी येईल आणि उद्ध्वस्त देश शाळांतून पुन्हा उभा करता येईल, या आशेने ते लिहिले होते. परतण्याची घडी आली नाही. ग्रंथ लॅटिनमध्ये गेला आणि ‘महाशिक्षणशास्त्र’ या नावाने युरोपचा झाला.

लेखनशिक्षणाच्या दृष्टीने लेश्नोच्या वर्षांतील दोन गोष्टी विशेष महत्त्वाच्या आहेत. पहिली, ‘शिशुशाळा’ या नावाने ओळखले जाणारे, मुख्यतः मातांसाठी लिहिलेले पुस्तक. त्यात मुलाची पहिली शाळा आईची मांडी मानली आहे. चारपाच वर्षांच्या मुलाच्या हाती खडू द्यावा, गरिबाघरी कोळसा चालेल, आणि त्याला ठिपके, रेघा, आकडे, फुल्या, वर्तुळे हवी तशी काढू द्यावीत, असे कोमेनियस सांगतो. मुलाला ते खेळ वाटेल. परंतु हात वळेल आणि पुढे अक्षर काढताना बोटे परकी वाटणार नाहीत. चित्र काढणे ही लिहिण्याची पूर्वतयारी होय, हा विचार इथे अगदी साध्या घरगुती रूपात आला आहे. दुसरी गोष्ट ‘महाशिक्षणशास्त्रा’तील. शिशुवयाच्या प्रकरणात मुलाच्या हाती द्यावयाच्या एका चित्रपुस्तकाची सूचना आहे. त्यात डोंगर, नद्या, पशुपक्षी, वनस्पती, अवजारे यांची चित्रे असावीत आणि प्रत्येकावर त्याचे नाव लिहिलेले असावे. यामुळे वस्तूची प्रतिमा मनावर ठसेल, पुस्तकात काही आनंददायक असते असे मुलाला वाटू लागेल, आणि वाचन सोपे होईल, अशी तीन प्रयोजने तो देतो. याच ग्रंथात वाचन आणि लेखन यांचा अभ्यास वेगळा न ठेवता जोडीने करावा, असेही त्याने म्हटले आहे. म्हणजे ‘ऑर्बिस’ची कल्पना पुस्तक निघण्याच्या पुष्कळ वर्षे आधी त्याच्या मनात तयार होती.

परंतु त्याला कीर्ती मिळाली ती एका चित्रहीन पुस्तकाने. १६३१ मध्ये ‘यानुआ लिंग्वारुम रेसेराटा’, म्हणजे उघडलेले भाषाद्वार, हे लॅटिनचे पाठ्यपुस्तक प्रसिद्ध झाले. आयरिश जेझुइट विल्यम बेथ याच्या अशाच नावाच्या पुस्तकाची प्रेरणा त्यामागे होती. बेथने शब्द वाक्यांत गुंफले होते. कोमेनियसने ती वाक्ये विषयवार रचली. सुमारे आठ हजार शब्द, एक हजार वाक्ये आणि शंभर प्रकरणे यांत विश्वोत्पत्तीपासून मानवी व्यवहारांपर्यंत सर्व जग त्याने मांडले. व्याकरणाची यादी घोकण्याऐवजी मुलगा जगाचा फेरफटका मारता मारता भाषा शिकेल, ही कल्पना युरोपला एकदम पटली आणि थोड्याच वर्षांत पुस्तकाची अनेक भाषांत भाषांतरे झाली. तथापि वर्गात ते अवघड जाऊ लागले. १६३३ मध्ये त्याला ‘वेस्टिबुलुम’, म्हणजे देवडी, हे सोपे पूर्वपुस्तक जोडावे लागले. तरीही मूळ अडचण राहिलीच. मुलगा एका भाषेतील अनोळखी शब्दाला दुसऱ्या भाषेतील शब्द लावी, आणि पुष्कळदा तोही अनोळखीच असे. वस्तू कुठेच नव्हती.

कीर्तीने कोमेनियसला लेश्नोबाहेर ओढले. सॅम्युअल हार्टलिब याच्या निमंत्रणावरून १६४१ मध्ये तो लंडनला गेला. सर्व ज्ञानाचे एकत्रीकरण करणारे एक विद्यापीठ स्थापण्याची तेथे चर्चा होती. परंतु आयर्लंडमधील बंड आणि इंग्लंडमधील यादवी यांनी ती विरून गेली. १६४२ मध्ये हॉलंडमध्ये त्याची देकार्तशी भेट झाली. दोघांचे संभाषण काही तास चालले आणि दोघे आपापल्या मतांवर कायम राहून निरोप घेते झाले. त्यानंतरची सहा वर्षे त्याने स्वीडिश आश्रयाखाली एल्बिंग येथे पाठ्यपुस्तके लिहिण्यात घालविली. सर्वज्ञानाच्या महाग्रंथाकडे मन ओढत होते आणि आश्रयदात्यांना शाळांसाठी लॅटिनची पुस्तके हवी होती; हा ताण त्याला सतत जाणवे. स्वीडनची मर्जी राखण्यामागे मात्र एक आशा होती: युद्धाअखेर स्वीडन बोहेमियाच्या निर्वासितांची बाजू घेईल. १६४८ च्या वेस्टफेलिया तहाने ती आशा संपविली. निर्वासितांना परतण्याचा हक्क मिळाला नाही. त्याच वर्षी त्याची दुसरी पत्नी वारली आणि त्याच वर्षी तो बंधुसंघाचा बिशप झाला. बोहेमियन शाखेच्या गादीवर बसणारा तो शेवटचाच.

१६५० मध्ये ट्रान्सिल्व्हेनियाच्या राकोत्सी घराण्याने त्याला हंगेरीतील शारोश्पाटक येथे बोलाविले. राजमाता झुझाना लोरांट्फी आणि तिचा पुत्र झिग्मोंड यांना तेथील शाळेची पुनर्रचना करावयाची होती. कोमेनियसने सात वर्गांची योजना आखली. त्यांपैकी तीनच सुरू होऊ शकले. मुलांची तयारी बेताची होती आणि कित्येकांना वस्तूंची नावे आपल्या भाषेतही नीट ठाऊक नव्हती. १६५२ मध्ये झिग्मोंड अकाली वारला. या प्रतिकूलतेत कोमेनियसने दोन गोष्टी केल्या. भाषाद्वाराचे नाट्यरूप करून त्याने मुलांकडून ते रंगभूमीवर करविले. आणि फार पूर्वी सुचविलेले चित्रपुस्तक प्रत्यक्ष रचण्यास घेतले. मजकूर तयार झाला, पण चित्रे कोरणारा कुशल कारागीर हंगेरीत मिळेना. म्हणून काम न्यूरेंबर्गच्या मिखाएल एन्डटर या मुद्रकाकडे गेले. १६५४ मध्ये कोमेनियस लेश्नोला परतला तेव्हा पुस्तक निघालेले नव्हते.

मधल्या काळात त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठा आघात झाला. १६५५ मध्ये स्वीडनच्या दहाव्या चार्ल्स गुस्टावने पोलंडवर स्वारी केली. लेश्नोच्या प्रॉटेस्टंटांनी स्वीडिश सैन्याचे स्वागत केले आणि कोमेनियसने राजाची प्रशस्ती लिहिली. ज्या देशाने आसरा दिला त्याच्या संकटकाळी त्याच्या शत्रूची स्तुती करणे, हा त्याच्या राजकीय विवेकाचा मोठा प्रमाद म्हणावा लागेल. एप्रिल १६५६ मध्ये पोलिश सैन्याने लेश्नो जाळले. कोमेनियस कुटुंबासह जीव वाचवून निघाला. घर गेले, ग्रंथसंग्रह गेला, सर्वज्ञानाच्या ग्रंथाची बरीच हस्तलिखिते गेली. आणि हेर्बोर्नच्या विद्यार्थिदशेपासून चव्वेचाळीस वर्षे चालविलेला चेक भाषेचा कोश गेला. या एका हानीचे दुःख श्वास असेपर्यंत सरणार नाही, अशा आशयाचे उद्गार त्याने पुढे काढले आहेत. देश गेलेल्या समाजाची भाषा निदान कोशात जपता येईल, या भावनेने जमविलेले ते शब्द होते.

या आगीनंतर दोनच वर्षांनी, १६५८ मध्ये, न्यूरेंबर्ग येथून ‘ऑर्बिस’ बाहेर पडले. लॅटिन आणि जर्मन मजकूर शेजारी शेजारी, एकशेपन्नास प्रकरणे आणि प्रकरणागणिक लाकडी ठशांची चित्रे, अशी त्याची रचना आहे. ठसे पाउल क्रॉइट्सबेर्गर याचे असल्याचे मानले जाते. सुरुवातीला गुरू शिष्याला शहाणे होण्यासाठी बोलावतो; शेवटी त्याला निरोप देतो. मधल्या पानांत ईश्वर, सृष्टी, पंचमहाभूते, वनस्पती, पशुपक्षी, मानवी शरीर, शेती, भाकरी भाजणे, विणकाम, गाडी, घड्याळ, छापखाना, शाळा, नीती, नगर, युद्ध, निरनिराळे धर्म आणि अंतिम न्याय असा क्रम आहे. चित्रातील प्रत्येक वस्तूवर आकडा आहे आणि मजकुरातील तिच्या नावापाशी तोच आकडा आहे. ही युक्ती आज इतकी परिचयाची झाली आहे की तिची थोरवी जाणवत नाही. मुलाचा डोळा शब्दावरून चित्रावर आणि चित्रावरून शब्दावर येतो. दर फेरीत नाव आणि वस्तू यांचा संबंध घट्ट होतो.

प्रत्यक्ष अक्षरओळखीसाठी पुस्तकाच्या आरंभी एक सजीव वर्णमाला आहे. प्रत्येक अक्षरासमोर चित्र, बहुधा एखाद्या प्राण्याचे, आणि त्याचा आवाज दिला आहे. कावळ्याच्या ओरडण्यातून ‘आ’, कोकराच्या बेंबाटण्यातून ‘ब’, सापाच्या फूत्कारातून ‘स’, बेडकाच्या डरावण्यातून ‘क्स’ असे ध्वनी मुलाला भेटतात. अक्षराचे नाव पाठ करण्याऐवजी अक्षराचा ध्वनी ओळखीच्या आवाजातून पकडावयाचा आहे. वर्णमाला मुळातच ध्वनिक्रमाने रचलेल्या आणि अक्षराचा उच्चार हेच त्याचे नाव असलेल्या भारतीय लिप्यांच्या अभ्यासकाला या उपायाची गरज चटकन जाणवणार नाही. रोमन लिपीत अक्षराचे नाव एक आणि ध्वनी दुसरा, ही मुलाची खरी अडचण होती. उपाय भाषेच्या अडचणीतून जन्मला होता, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

प्रस्तावनेत पुस्तक वापरण्याची रीत सांगितली आहे. ते आधी मुलांच्या हाती द्यावे आणि त्यांना हवे तसे पाहू द्यावे, शक्य तर शाळेत येण्यापूर्वी घरीच. मग शिक्षकाने विचारीत जावे. नाव घेताच वस्तू दाखविता आली पाहिजे, आणि वस्तू दाखविताच नाव सांगता आले पाहिजे. चित्रावर थांबू नये. जी वस्तू जवळ आहे ती प्रत्यक्ष दाखवावी. रंग आणि चव यांचे चित्र शाईने निघत नाही, म्हणून सहज न दिसणाऱ्या वस्तू मोठ्या शाळांनी संग्रही ठेवाव्यात. आणि मुलांना ती चित्रे स्वतःच्या हाताने उतरविण्यास उत्तेजन द्यावे. त्यामुळे लक्ष एकाग्र होते, अवयवांचे प्रमाण कळते आणि हात चपळ होतो. लेखनशिक्षणाचा सर्व क्रम या थोड्या सूचनांत सामावला आहे. चित्र उतरविण्यात हात तयार होतो. आवाजातून अक्षर कळते. आकड्यातून शब्द वस्तूला बांधला जातो. आणि प्रत्येक वस्तू काय करते, कशासाठी असते, हे सांगणाऱ्या लहान वाक्यांतून वाक्यरचनेचा साचा मनात बसतो. मजकूर झाकून चित्रावरून नावे सांगू लागणारा मुलगा आता पाठ म्हणत नसतो. तो पाहिलेले शब्दांत मांडीत असतो. निबंधलेखनाचे बीज हेच. यानंतरच्या पायऱ्या म्हणून देवडी, द्वार आणि दालन ही पुस्तके ठेवली होती. शैलीचा आणि अलंकाराचा विचार शेवटच्या दालनात. डोळ्यांपासून शैलीपर्यंतचा हा जिना कोमेनियसने एकट्याने बांधला.

पुस्तकातील लेखनकलेवरचे प्रकरण भारतीय वाचकाने आवर्जून पाहावे असे आहे. प्राचीन लोक मेण लावलेल्या पाट्यांवर शलाकेने लिहीत. आता हंसाच्या पिसाची लेखणी, दौत, ओली शाई टिपण्यासाठी वाळू, ही सर्व माहिती आकड्यांनिशी चित्रात आहे. त्यापुढे लेखनाच्या दिशा दिल्या आहेत. युरोपीय लोक डावीकडून उजवीकडे लिहितात, हिब्रू लोक उजवीकडून डावीकडे, आणि चिनी व इतर इंडियन लोक वरून खाली लिहितात, असे त्यात म्हटले आहे. धर्मांच्या भागात मूर्तिपूजकांचे प्रकरण आहे. तेथे इंडियन लोक आजही सैतानाची उपासना करतात, असे सांगून सोबत तसे चित्र दिले आहे. त्या काळी इंडियन या शब्दात पूर्वेकडचे आणि अमेरिकेतले असे दोन्ही लोक येत, हे खरे. परंतु त्यामुळे चूक सौम्य होत नाही, उलट तिचे कारण कळते. जी वस्तू पाहिलेली नाही तिच्याविषयी केवळ शब्दांवर विसंबू नये, हे ज्याने जन्मभर सांगितले, त्यानेच येथे न पाहिलेल्या माणसांचे चित्र ऐकीव शब्दांवरून काढविले. चक्रव्यूहातील यात्रेकरूचा चष्मा या पानांवर निर्मात्याच्याच नाकावर नीट बसलेला दिसतो. चित्र हे शब्दापेक्षा अधिक विश्वसनीय वाटते. म्हणूनच चुकीचे चित्र चुकीच्या शब्दापेक्षा अधिक घातक ठरते. सचित्र पाठ्यपुस्तकांच्या पुढील सर्व इतिहासाला हा धडा लागू आहे.

दुसरी मर्यादा अमूर्त कल्पनांची. आत्म्याच्या प्रकरणात एका वस्त्रावर ठिपक्यांनी रेखाटलेली मानवाकृती आहे. सद्गुणांसाठी स्त्रीरूपे योजिली आहेत. इथे चित्र वस्तू दाखवीत नाही, ते स्वतःच एक रूपक बनते आणि मुलाला त्याचा अर्थ पुन्हा शब्दांनीच सांगावा लागतो. शाळेचे चित्रही बोलके आहे. काही मुले मेजाशी बसून लिहितात, गुरू त्यांच्या चुका सुधारतो, काही उभी राहून पाठ म्हणतात, काही आपापसांत बोलतात. आणि या शेवटच्यांसाठी छडी आहे. शाळेतील क्रौर्याविरुद्ध कोमेनियसने आयुष्यभर लिहिले. अभ्यास न येण्याबद्दल शिक्षा नको, ती फार तर वर्तनाबद्दल असावी, हे त्याचे मत होते. तेवढ्यापुरती छडी चित्रात राहिली.

पुस्तकाला यश मात्र अपूर्व आले. चार्ल्स हूलचे इंग्रजी भाषांतर १६५९ मध्ये निघाले. १६६६ मध्ये लॅटिन, जर्मन, इटालियन आणि फ्रेंच अशी चार भाषांची आवृत्ती झाली. १६८५ मध्ये लेवोचा येथे निघालेल्या आवृत्तीत हंगेरियन आणि चेक भाषा आल्या. ज्या देशात लेखकाला पाऊल ठेवण्यास मज्जाव होता, त्या देशाची भाषा अशा रीतीने त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या पुस्तकात प्रविष्ट झाली. पुढील दोन शतके ते पुनःपुन्हा छापले गेले. गटे याच्या बालपणीच्या पुस्तकांत ते होते, हे त्याने आत्मचरित्रात नोंदविले आहे.

अखेरची चौदा वर्षे कोमेनियसने ॲम्स्टरडॅम येथे दे गेर कुटुंबाच्या आश्रयाखाली काढली. १६५७ मध्ये त्याचे समग्र शिक्षणविषयक ग्रंथ तेथे छापून निघाले. त्याच वर्षी त्याने तिघा समकालीनांची भविष्यकथने प्रसिद्ध केली. साम्राज्याचा पाडाव होऊन निर्वासित परततील, अशी ती भाकिते होती. ती खोटी ठरली आणि विद्वानांत त्याचे हसे झाले. पीअर बेल याच्या कोशातील टीकेमुळे हा डाग दीर्घकाळ राहिला. १५ नोव्हेंबर १६७० रोजी त्याचे निधन झाले. नार्डेन येथील लहानशा चर्चमध्ये त्याला पुरण्यात आले.

मानवी व्यवहारांच्या सुधारणेविषयीचा त्याचा सात भागांचा महाग्रंथ अपूर्णच राहिला. त्याची हस्तलिखिते हाले येथे, फ्रांके याने स्थापिलेल्या अनाथालयाच्या ग्रंथसंग्रहात, विस्मृतीत पडून होती. दिमित्री चिझेव्हस्की या संशोधकाला ती १९३४-३५ च्या सुमारास सापडली आणि संपूर्ण ग्रंथ १९६६ मध्ये प्रागला प्रसिद्ध झाला. सर्वांना, सर्व गोष्टींचे, सर्वांगांनी शिक्षण मिळावे, स्त्रीपुरुष, गरीबश्रीमंत, देशविदेश असा भेद नसावा, हे त्याचे म्हणणे तेव्हा पूर्ण विस्ताराने जगापुढे आले.

हाले हे नाव भारतीय वाङ्मयाच्या अभ्यासकाला दुसऱ्या एका कारणाने परिचित आहे. हालेच्या याच संस्थेत घडलेला त्सीगेनबाल्ग १७०६ मध्ये तरंगंबाडीला आला आणि त्याच्या मिशनने तमिळ पुस्तके छापली. त्याच परंपरेतील श्वार्ट्झ याच्या देखरेखीखाली तंजावरचे सरफोजी राजे वाढले. आणि त्यांनी उभारलेल्या छापखान्यात १८०६ मध्ये ‘बालबोधमुक्तावली’ ही मराठी इसापनीती छापली गेली. यावरून कोमेनियसचा प्रभाव तंजावरपर्यंत पोहोचला, असे अनुमान काढणे धाडसाचे होईल. परंतु मुलाच्या हाती त्याच्या भाषेतील छापील पुस्तक असावे, ही कल्पना ज्या वाटांनी भारतात आली, त्यांपैकी एक वाट त्या इमारतीवरून गेली, जिच्यात कोमेनियसचे कागद पडून होते, एवढे निश्चित.

कोमेनियसच्या कार्याचे मूल्यमापन करताना त्याला केवळ सचित्र पाठ्यपुस्तकाचा जनक म्हणून थांबणे पुरेसे नाही. चित्रे त्याच्या आधीही पुस्तकांत होती. मुलाने लिहिलेला शब्द त्याने पाहिलेल्या वस्तूशी प्रामाणिक असला पाहिजे, ही त्याची खरी मागणी होती, आणि चित्र हे त्या मागणीचे साधन होते. चेक आणि स्लोव्हाक लोक आज त्याचा जन्मदिवस शिक्षकदिन म्हणून पाळतात. त्याच्या चेक कोशाची जमवाजमव लेश्नोच्या राखेतून परत आली नाही. चित्रांचे पुस्तक मात्र, कावळ्याच्या आवाजापासून निरोपाच्या पानापर्यंत, पूर्ण हाती आहे.